देणगी की मोबदला?
(लोकसेवक, देणगीदार आणि सार्वजनिक न्यास यांविषयी एक अभ्यास)

एखादी धर्मादाय संस्था पंचवीस वर्षे टिकते ती दोन गोष्टींच्या बळावर. एक, कार्यकर्त्यांचे श्रम. आणि दुसरी, देणगीदारांचा पैसा. श्रमांचा गौरव अशा स्मरणिकेत होतो व तो व्हावयासच हवा. पैशाविषयी मात्र आभाराच्या दोन ओळींपलीकडे सहसा काही लिहिले जात नाही. पैसा कोठून आला, देणाऱ्याने तो का दिला, आणि घेणाऱ्याने तो घ्यावयास हवा होता काय, हे प्रश्न समारंभाच्या दिवशी विचारणे अप्रशस्त वाटते. तथापि आपल्या देशातील काही मोठी राजकीय वादळे नेमक्या याच प्रश्नांतून उठली, आणि त्यांतील दोन वादळांच्या केंद्रस्थानी धर्मादाय न्यासच होते, ही गोष्ट आपल्यासारख्या ट्रस्टच्या सभासदांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. म्हणून या लेखात राजकारणी पुरुष व त्यांचे देणगीदार यांच्या संबंधाचा विचार करावयाचा आहे, आणि त्यातून आपल्या घरापुरता काही बोध घेता येतो काय ते पाहावयाचे आहे.

शब्दांचा अर्थ

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. आपल्या भाषेत पैसा देण्याला अनेक नावे आहेत, आणि प्रत्येक नावामागे निराळे नाते आहे. वर्गणी ही बरोबरीच्या माणसांनी सामाईक कामासाठी काढलेली रक्कम. देणगी ही परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेली रक्कम. नजराणा हा खालच्याने वरच्यापुढे ठेवावयाचा. मराठेशाहीत वतनाचा वारसा चालू राहावा म्हणून वतनदार सरकारात नजर भरीत, आणि ती उघडपणे दप्तरात नोंदली जाई. लाच ही अधिकाऱ्याने आपल्या अधिकाराचा उपयोग देणाऱ्याच्या सोयीने करावा म्हणून द्यावयाची. खंडणी ही न दिल्यास नुकसान होईल या भीतीपोटी द्यावयाची.

रक्कम तीच, नोटा त्याच, पावतीवरील शाईही तीच. परंतु देणारा व घेणारा यांच्यामध्ये काय अडकले आहे यावरून तिचे नाव बदलते. पावतीवर ‘देणगी’ असे छापले म्हणून ती देणगी ठरत नाही. आजच्या पाठाचा सारा भर या एका वाक्यावर आहे.

एक जुनी कसोटी

मग देणगी व मोबदला यांतील भेद ओळखावयाचा कसा? यासाठी एक फार जुनी आणि सोपी कसोटी आहे. ‘सहीह बुखारी’ व ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहांत तिची हकीकत आली आहे. हजरत पैगंबरांनी (त्यांच्यावर शांती असो) एका गृहस्थास जकात गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. तो परत आला तेव्हा त्याने आणलेल्या मालाचे दोन भाग केले. एक भाग सार्वजनिक कोशाचा म्हणून पुढे ठेवला, आणि दुसरा भाग लोकांनी आपल्याला भेट म्हणून दिला आहे असे सांगितले. यावर पैगंबरांनी लोकांसमोर असा प्रश्न उपस्थित केला, की हा मनुष्य अधिकारावर न जाता आपल्या आईबापांच्या घरीच राहिला असता, तर ही भेट त्याच्यापर्यंत चालत आली असती काय?

या प्रश्नात देणाऱ्याच्या मनात शिरण्याची खटपट नाही. मन कोणाला दिसत नाही, आणि देणारा व घेणारा दोघेही आपला हेतू शुद्ध होता असेच सांगणार. म्हणून हेतूचा प्रश्न बाजूस ठेवून अधिकाराचा प्रश्न विचारला आहे. घेणाऱ्याच्या अंगावरून अधिकाराचा अंगरखा क्षणभर उतरवून पाहावा. मग जी भेट उरते ती भेट. जी नाहीशी होते ती अधिकाराची किंमत. ही कसोटी मुसलमानांपुरती आहे असे कोणी समजू नये. पंचायतीपासून मंत्रालयापर्यंत ती सर्वत्र चालते.

प्रतिभा प्रतिष्ठानचे प्रकरण

मराठी मुलखात ही कसोटी सर्वांत कठोरपणे लागू पडली ती १९८१ सालच्या एका प्रकरणात. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले हे कोकणातील आंबेत गावचे. ९ जून १९८० रोजी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान गृहस्थ. कारभाराचा त्यांचा झपाटा मोठा होता. निराधारांना मासिक अनुदान देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. सिंधुदुर्ग व जालना हे जिल्हे १९८१ मध्ये निर्माण झाले. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. कोकणातील पुष्कळ घरांत त्यांच्याविषयी अभिमान होता, आणि तो निराधार नव्हता.

याच काळात त्यांनी काही न्यास स्थापन केले. त्यांतील प्रमुख न्यास ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ या नावाचा होता. साहित्यिक व कलावंत यांना साहाय्य करणे हा त्याचा हेतू. या हेतूला कोण नावे ठेवील? ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’ या दैनिकात पत्रकार अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि या न्यासांकडे वाहणारा कोट्यवधी रुपयांचा ओघ कोठून येतो ही गोष्ट लोकांपुढे आली. देणगीदारांत बांधकाम व्यावसायिक होते आणि सहकारी साखर कारखानेही होते.

येथे त्या वेळची परिस्थिती तरुण वाचकांना समजावून सांगणे अवश्य आहे. आज दुकानात जाऊन हवे तितके सिमेंट घेता येते. त्या काळी तसे नव्हते. सिमेंटचा तुटवडा होता. त्याची किंमत व वाटप सरकारच्या नियंत्रणाखाली होते. परवाना मिळाला तर नियंत्रित दराने माल मिळे. न मिळाला तर काळ्या बाजारात कितीतरी अधिक पैसे मोजावे लागत, किंवा इमारत अर्धी टाकून बसावे लागे. अर्थात परवान्याच्या कागदालाच मोल आले होते, आणि तो कागद देण्याची सत्ता सरकारच्या हाती होती. साखर कारखान्यांचेही अनेक प्रश्न सरकारदरबारी अडलेले असत, आणि कारखान्याने दिलेली देणगी शेवटी ऊस उत्पादकाच्याच पदरातून जाणार हे उघड होते.

जनता पक्षाचे पी. बी. सामंत यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यापुढे सुनावणी झाली. न्यायालयाने सिमेंट-वाटपाचे कागद पाहिले, न्यासाला मिळालेल्या देणग्या पाहिल्या, आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवली. १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल झाला. देणग्या व सिमेंटचे वाटप यांचा परस्परसंबंध आहे, असा त्या निकालाचा आशय होता. मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, आणि त्याच महिन्यात बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. पुढच्याच महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी १९८२ मध्ये, केंद्र सरकारने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठविले.

कथा येथे संपत नाही. भारतीय जनता पक्षाचे रामदास नायक यांनी फौजदारी फिर्याद केली. तिचा प्रवास फार लांबला. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपविला. १९८६ मध्ये त्याच न्यायालयाने आरोप ठेवण्याइतका पुरावा सकृद्दर्शनी आहे असे म्हटले. १९८८ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असे ठरविले, की १९८४ साली खटला उच्च न्यायालयाकडे नेण्याचा दिलेला आदेशच कायद्याला धरून नव्हता. कारण कायद्याने ठरविलेली पद्धत कोणत्याही आरोपीपासून हिरावून घेता येत नाही. शेवटी फौजदारी खटल्यात अंतुले यांच्यावर गुन्हा सिद्ध झाला नाही. ते पुढे लोकसभेवर निवडून गेले, केंद्रात मंत्री झाले, आणि २ डिसेंबर २०१४ रोजी मुंबईत निवर्तले.

निवाड्याच्या दोन पातळ्या

या हकीकतीवरून काही लोक म्हणतात, की गुन्हा सिद्ध झाला नाही, तेव्हा सारे निर्मळ होते. दुसरे म्हणतात, की पद गेले, तेव्हा सारे काळे होते. दोन्ही मते घाईची आहेत. फौजदारी न्यायालय एक विशिष्ट प्रश्न विचारते : अमुक मनुष्याने अमुक कलमाखालील अपराध केला, हे संशयापलीकडे सिद्ध झाले काय? स्वातंत्र्य जावयाचे असेल तर पुरावा असाच भक्कम हवा. यात आपल्या प्रत्येकाचे संरक्षण आहे. परंतु विश्वस्ताचा प्रश्न निराळा आहे. त्याने विचारावयाचे ते असे : पैसा घेतला त्या दिवशी, देणाऱ्याचे काम घेणाऱ्याच्या हाती अडकलेले होते काय? या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर पुढे न्यायालयात काहीही ठरो, ती देणगी घ्यावयास नको होती.

जुन्या कसोटीने पाहू. तेच अंतुले साधे वकील म्हणून राहिले असते आणि त्यांनी तोच साहित्यसेवेचा न्यास काढला असता, तर त्याच बांधकाम व्यावसायिकांनी त्याच वर्षी तेवढ्याच रकमा आणून दिल्या असत्या काय? वाचकांनी आपापल्या मनाशी उत्तर द्यावे.

आपल्या राज्यातील उदाहरण

हे केवळ महाराष्ट्रातच घडले असे नाही. आपल्या कर्नाटकात २००६ नंतरच्या काही वर्षांत लोहखनिजाचा व्यापार जोरात होता. बळ्ळारीकडील खनिज आपल्याच जिल्ह्यातील अंकोला तालुक्याच्या बेलेकेरी बंदरातून परदेशी जात असे, आणि त्या वाहतुकीची धूळ या भागाने पाहिलेली आहे. बेकायदेशीर खाणकामाची चौकशी लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी केली व २७ जुलै २०११ रोजी अहवाल सादर केला. खाणव्यवसायातील एका कंपनीने तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांच्या कुटुंबीयांशी संबंधित शिक्षणविषयक न्यासाला १० कोटी रुपयांची देणगी दिल्याचा उल्लेख त्या अहवालात होता. ३१ जुलै रोजी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढे सीबीआयने खटला चालविला, आणि २६ ऑक्टोबर २०१६ रोजी बेंगळूरच्या विशेष न्यायालयाने येडियुरप्पा व इतर आरोपींना निर्दोष सोडले.

दोन्ही प्रकरणांतील साम्य पाहा. दोन्हीकडे पैसा घेणारी संस्था धर्मादाय न्यासाच्या रूपात होती; एक साहित्यासाठी, दुसरी शिक्षणासाठी. दोन्हीकडे देणगीदाराचा व्यवसाय सरकारी परवान्यावर अवलंबून होता. दोन्हीकडे मुख्यमंत्र्यांचे पद गेले, आणि दोन्हीकडे अखेरीस गुन्हा सिद्ध झाला नाही. मग नुकसान कोणाचे झाले? साहित्य व शिक्षण या दोन पवित्र शब्दांचे झाले. ‘ट्रस्ट’ या शब्दाचा अर्थच मुळी विश्वास. अशी दोन-चार प्रकरणे झाली, म्हणजे खेड्यातील प्रामाणिक ट्रस्टच्या पावतीपुस्तकाकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

पक्षांचा पैसा व कायदा

न्यासांकडे असा पैसा का वळतो, हे समजण्यासाठी पक्षनिधीच्या कायद्याकडे पाहिले पाहिजे. निवडणुकीला पैसा लागतो ही गोष्ट खरी. विधानसभेच्या उमेदवाराला कर्नाटकासारख्या राज्यात ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा २०२२ साली देण्यात आली. उमेदवाराच्या खर्चाला अशी मर्यादा आहे. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला ती नाही. हा पैसा कोणी तरी देणारच.

टाटा पोलाद कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करण्याचे ठरविले, आणि १९५७ साली ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. त्या वेळी आपला उत्तर कन्नड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात जाऊन जेमतेम एक वर्ष होत होते. मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांनी कायद्यात मनाई नसल्यामुळे परवानगी नाकारली नाही. परंतु ही प्रथा वाढली तर लोकशाहीचाच गळा आवळला जाईल, असा स्पष्ट इशारा देऊन संसदेने या गोष्टीत लक्ष घालावे असे सुचविले.

पुढचा इतिहास चढउतारांचा आहे. १९६० मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांना मर्यादा घातली गेली. १९६९ मध्ये त्यांवर सरसकट बंदी आली. १९८५ मध्ये बंदी उठून पुन्हा मर्यादा आली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ती मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के केली. आणि २०१७ मध्ये ती मर्यादाच काढून टाकली गेली. बंदीच्या काळात पैसा थांबला असे नाही. पाणी अडविले की ते दुसरी वाट शोधते. काही पैसा रोखीने अंधारात गेला, आणि काही पक्षांनी काढलेल्या स्मरणिकांत भल्या मोठ्या जाहिरातींच्या रूपाने उजेडात आला! ही युक्ती इतकी रूढ झाली, की १९७८ साली आयकर कायद्यात खास दुरुस्ती करून पक्षांच्या स्मरणिकांतील जाहिरातीचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून दाखविण्यास मनाई करावी लागली. स्मरणिका काढणाऱ्या आपण सर्वांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

२ जानेवारी २०१८ रोजी निवडणूक रोख्यांची योजना आली. स्टेट बँकेतून रोखा घ्यावयाचा व आवडत्या पक्षाला द्यावयाचा; देणाऱ्याचे नाव मतदाराला कळावयाचे नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने, मुख्य न्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली, ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरविली. कोण कोणाला पैसा देतो हे जाणणे हा मतदाराचा हक्क आहे, आणि कंपन्यांना अमर्याद देणग्यांची मुभा देणे हे मनमानीचे आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर नावे प्रसिद्ध झाली. १ एप्रिल २०१९ पासून निकालाच्या दिवसापर्यंत २२,२१७ रोखे विकले गेले होते. सर्वांत मोठी देणगीदार निघाली ती लॉटरीच्या धंद्यातील एक कंपनी, फ्यूचर गेमिंग. तिने १,३६८ कोटी रुपयांचे रोखे घेतले होते, आणि त्याच काळात तिच्यामागे सक्तवसुली संचालनालयाची चौकशी चालू होती. तिचा पैसा एकाच पक्षाला गेला असे नाही. निरनिराळ्या राज्यांत सत्तेवर असलेल्या निरनिराळ्या पक्षांना तो मिळाला. प्रत्येक देणगीमागे सौदा होता असे मात्र यावरून म्हणता येणार नाही. त्यासाठी खास चौकशीपथक नेमण्याची मागणी २ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. परंतु देणारा कोण हे लपवून ठेवले, की सौदा नसतानाही संशय उरतो, आणि सौदा असतानाही तो सापडत नाही.

परत करण्याचा मार्ग

घेतलेली देणगी अयोग्य ठरली तर काय करावे? याचे एक उदाहरण इंग्लंडात घडले. मोटारशर्यतींच्या व्यवसायातील धनिक बर्नी एकलस्टोन यांनी जानेवारी १९९७ मध्ये मजूर पक्षाला १० लाख पौंड दिले. मे महिन्यात तो पक्ष सत्तेवर आला. नोव्हेंबर महिन्यात असे उघड झाले, की तंबाखूच्या जाहिरातींवरील नियोजित बंदीतून मोटारशर्यतींना सूट देण्याचे सरकारच्या मनात आहे. दोन्ही गोष्टींचा संबंध लोकांनी जोडला. सार्वजनिक जीवनातील शुचितेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सर पॅट्रिक नील यांच्या सल्ल्यावरून पक्षाने सारी रक्कम परत केली, आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी दूरचित्रवाणीवर येऊन जनतेची क्षमा मागितली. पुढे २००० साली त्या देशात पक्षांच्या देणग्या जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले. परत केलेल्या पैशाने सारा डाग धुऊन निघाला असे कोणी म्हणणार नाही. तथापि चूक दिसताच पैसा माघारी देता येतो, आणि त्याने संस्था बुडत नाही, एवढे यावरून शिकता येते.

तीन नेहमीचे आक्षेप

पहिला आक्षेप : ‘पैसा कोठूनही येवो, तो चांगल्या कामाला लागला ना?’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु चांगल्या कामाने पैशाचा मार्ग शुद्ध होतो असे म्हटले, तर चांगले काम हे अयोग्य पैसा धुण्याचे साधन होईल. शिवाय त्या पैशाचा खरा भार दुसऱ्या कोणी तरी सोसलेला असतो. ज्या कारखान्याच्या देणगीची भरपाई ऊस उत्पादकाच्या हिशेबातून होते, त्या देणगीचा दाता कारखान्याचा अध्यक्ष नव्हे. तो बिचारा शेतकरी, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

दुसरा आक्षेप : ‘तो आपला माणूस आहे.’ हा आक्षेप कोणत्याही एका समाजाचा नाही. प्रत्येक समाज आपापल्या माणसाविषयी तो घेतो. अंतुले यांच्याविषयी आम्हा मुसलमानांपैकी पुष्कळांनी घेतला, इतरांनी आपल्या पुढाऱ्यांविषयी घेतला. आपल्या माणसाच्या चांगल्या कामाचा अभिमान जरूर बाळगावा. निराधार विधवेला मिळणारे अनुदान हे चांगलेच काम होते व ते तसेच राहील. परंतु अभिमान वेगळा व हिशेब वेगळा. आपल्या माणसाचा हिशेब आपणच आधी मागितला, तर परक्याला बोट दाखविण्याची वेळ येत नाही.

तिसरा आक्षेप : ‘सगळेच घेतात.’ याला उत्तर देण्याची आवश्यकता नाही. वर्गातील मुलाने हे उत्तर दिले तर आपण ते स्वीकारीत नाही. मोठ्यांचे का स्वीकारावे?

जोयडा तालुक्यात याचा संबंध काय?

कोणी म्हणेल, की ही सारी मोठ्यांची गोष्ट. आमच्या ट्रस्टच्या हाती ना सिमेंटचा परवाना, ना खाणीचा. हे खरे आहे. आपल्या देणग्या पाच-पन्नास रुपयांपासून काही हजारांपर्यंतच्या. कोणाच्या मुलाची वह्यापुस्तके, कोणाचा आजारपणात कारवार-बेळगाव-हुबळीच्या दवाखान्यापर्यंतचा प्रवास, एखाद्या विधवेचा किराणा, असा त्यांचा विनियोग. रानातून विखुरलेल्या वाड्यांच्या या तालुक्यात अशा मदतीचे मोल फार मोठे आहे.

परंतु लहान गावात हा व्यवहार दोन हातांऐवजी तीन हातांनी होतो, आणि म्हणूनच तो चटकन दिसत नाही. रस्त्याचे, मोरीचे किंवा इमारतीचे काम मिळावे अशी ज्याची इच्छा आहे तो ठेकेदार, किंवा नदीकाठी पर्यटकांसाठी रिसॉर्ट बांधण्यास पंचायतीची परवानगी हवी असलेला व्यावसायिक, हा पहिला हात. ते काम वा परवानगी देण्याची ज्याची सत्ता किंवा वजन आहे तो पुढारी, हा दुसरा हात. आणि ज्या संस्थेला सभागृह, पंखे, खुर्च्या हव्या आहेत ती संस्था, हा तिसरा हात. पुढारी ठेकेदाराला सांगतो, ‘त्या ट्रस्टला एवढे द्या.’ पैसा ठेकेदाराचा. पाटीवर नाव पुढाऱ्याचे. आणि मतदार म्हणून सभासदांची कृतज्ञता पुढाऱ्याच्या खात्यावर जमा. ठेकेदाराची भरपाई मात्र रस्त्याच्या डांबरातून होते, आणि पहिल्याच पावसाळ्यात ती आपल्याला दिसते. तिसऱ्या हाताने काहीच वाईट केले नाही असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते. तरीही त्या हाताशिवाय हा व्यवहार पुरा झाला नसता.

येथे अडचणही मान्य केली पाहिजे. लहान तालुक्यात प्रत्येकाचे कोणाकडे तरी काम असतेच. ज्याचे कोठेही काम अडलेले नाही अशाचीच देणगी घ्यावयाची म्हटले, तर पेटी रिकामी राहील. म्हणून नियम असा हवा की जो पाळता येईल. अशा नियमांचा एक मसुदा सभासदांच्या विचारार्थ पुढे ठेवतो.

१. देणगीदाराने स्वतःहून, स्वतःच्या नावाने व स्वतःच्या पैशातून दिलेली देणगी घ्यावी. एखाद्या पदाधिकाऱ्याच्या किंवा उमेदवाराच्या सांगण्यावरून तिसऱ्याने दिलेली रक्कम घेऊ नये.

२. ट्रस्टचा जो विश्वस्त ग्रामपंचायतीत, सहकारी संस्थेत वा सरकारी नोकरीत अधिकारावर असेल, त्याने देणग्या गोळा करण्यास जाऊ नये. ज्या देणगीदाराचे काम त्याच्यापुढे प्रलंबित असेल, त्याच्या देणगीचा निर्णय होताना त्याने सभेतून उठून बाहेर बसावे, आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.

३. निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत उमेदवार, त्यांचे नातलग व त्यांचे पक्ष यांच्याकडून काहीही स्वीकारू नये. मत मिळविण्याच्या हेतूने दिलेली भेट ही लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार ठरते. त्या आचारात आपण भागीदार होऊ नये.

४. प्रत्येक रकमेची पावती द्यावी व देणगीदारांची यादी दरवर्षी फलकावर लावावी. राजकीय पक्षांना २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदारांची नावे निवडणूक आयोगाला कळवावी लागत नाहीत. आपण वीस रुपयांचीही कळवू. गुप्तदानाची ज्याला इच्छा आहे त्याचे नाव फलकावर नसले तरी अध्यक्ष व खजिनदार यांच्या वहीत असावे.

५. स्मरणिकेतील जाहिरात ही जाहिरातच असावी. पानाचा दर सर्वांना सारखा असावा. ज्याला जाहिरातीची गरज नाही असा मनुष्य मोठे पान घेतो, तेव्हा तो काय विकत घेतो आहे हे विचारून पाहावे.

६. संशय आला तर नकार द्यावा. रक्कम आधीच आली असेल तर ठराव करून, कारण लिहून, ती आभारपूर्वक परत करावी. परत करताना देणगीदाराचा अपमान होणार नाही अशी भाषा वापरावी. कारण बऱ्याच वेळा त्याच्यावरही कोणी तरी दडपण आणलेले असते.

समारोप

या नियमांनी काही देणग्या हुकतील यात शंका नाही. सभागृहाचे छप्पर एक वर्ष उशिरा चढेल. परंतु ज्या आजारी मुलाच्या प्रवासखर्चासाठी आपण उद्या घरोघर जाऊ, त्या दिवशी दार उघडणारी आई आपल्या पावतीपुस्तकाकडे पाहून दहा रुपये काढून देईल की आत वळेल, हे त्या छपरावर नव्हे, आपल्या हिशेबावर अवलंबून राहील. मोठे प्रतिष्ठान उभारण्यास कोट्यवधी रुपये मिळू शकतात, हे आपण पाहिले. पण एकदा गेलेला विश्वास मात्र कोणत्याही दराने परत मिळत नाही.

पंचवीस वर्षे ज्यांनी आपल्या मजुरीतून, शेतीतून, पेन्शनीतून थोडे थोडे काढून ही संस्था चालविली, त्यांच्या देणग्या जुन्या कसोटीला आजही उतरतील. त्यांनी दिले तेव्हा आपल्या हाती त्यांना देण्यासारखे काहीच नव्हते. पुढील पंचवीस वर्षांतील देणग्याही अशाच असोत, ही प्रार्थना.

मननासाठी प्रश्न
१. वर्गणी, देणगी, नजराणा व लाच यांतील भेद आपल्या गावातील एकेक उदाहरण घेऊन सांगा.
२. न्यायालयात गुन्हा सिद्ध न होणे आणि देणगी योग्य असणे, या दोन गोष्टी एकच का नव्हेत?
३. वरील सहा नियमांपैकी कोणता नियम आपल्या ट्रस्टमध्ये पाळणे सर्वांत कठीण जाईल, आणि का? घरातील वडीलधाऱ्यांशी व मुलांशी चर्चा करून उत्तर लिहा.